वर्टला ऑक्सिजन: तेच यीस्ट पहिल्यांदा धावलं, दुसऱ्यांदा अडकलं

घाटवाटा | ११ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

डेन्व्हरला राहतो, दोन वर्षांपासून घरी बिअर करतो. एक बॅच अडकली आहे, म्हणजे आंबणं मधेच थांबलं आहे, आणि कारण सापडत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सातूला मोड आणून वाळवला, भाजला की माल्ट. माल्ट भरडून ६५ ते ६८ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर मुरवलं की त्यातल्या स्टार्चची साखर होते. तो गोड काढा म्हणजे वर्ट. तो हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं) घालून उकळायचा, गार करायचा आणि यीस्टच्या हवाली करायचा. साखर किती उरली ते हायड्रोमीटरवर घनतेनं कळतं. पाण्याची घनता १.०००, वर्टची त्याहून जास्त, आणि आंबत जाईल तशी ती उतरते.

नोव्हेंबरमध्ये पेल एल ही फिकट बिअर केली, सुरुवातीची घनता १.०५०. कोरड्या यीस्टचं ११.५ ग्रॅमचं एक पाकीट घातलं. वर्टमध्ये हवा वगैरे काहीही मिसळली नाही. पाच दिवसांत १.०११ वर येऊन थांबली. चव स्वच्छ.

त्याच बॅचच्या तळाचं यीस्ट बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवलं. तीन आठवड्यांनी, १९ डिसेंबरला, इम्पीरियल स्टाउट ही काळी, जड बिअर केली. १९ लिटर, घनता १.०९२. बरणीतलं सगळं यीस्ट घातलं, साधारण पाव लिटर. या वेळी वर्ट अगदी निगुतीनं हाताळला. उकळून झाल्यावर ढवळून भोवरा केला, तासभर निवळू दिला, गाळ पूर्ण मागे ठेवला आणि नळीचं टोक भांड्याच्या तळाशी धरून, फेस न होऊ देता, नितळ वर्ट उतरवून घेतला.

आज तेविसावा दिवस. घनता १.०३४. गेले आठ दिवस तिथेच. खरं तर १.०२२ च्या आसपास जायला हवी होती. पिऊन पाहिला तर काकवीसारखा चिकट गोड लागतो.

माल्ट ६७ अंशांना मुरवलं होतं, तळघरात १७ अंश आहे.

ऑक्सिजनची कमतरता हेच कारण असेल का? तसं असेल तर ऑक्सिजनचं सिलिंडर आणि बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड घ्यावा का? आणि या १९ लिटरचं आता काय करू?

सहा_गॅलन | ११ जानेवारी, रात्री १०:१५

आधी मोजमाप तपासा. घनता रिफ्रॅक्टोमीटरवर पाहिली असेल तर तो आकडा सोडून द्या. अल्कोहोल झाल्यावर तो जास्तच दाखवतो, दुरुस्तीचं गणित केल्याशिवाय उपयोग नाही. मला अशी 'अडकलेली' बॅच दाखवणाऱ्यांपैकी निम्म्यांची बॅच अडकलेलीच नसते.

दुसरं, १७ अंश म्हणजे या यीस्टला गारच. २१ वर न्या, पिंप हलकेच गोल फिरवून तळाचं यीस्ट उठवा.

ऑक्सिजनचं म्हणाल तर मी न्यू जर्सीत पंधरा वर्षं बिअर करतोय. पिंप मांडीवर घेऊन पाच मिनिटं जोरात हलवतो. सिलिंडर आजवर घेतलेला नाही.

घाटवाटा | ११ जानेवारी, रात्री १०:३२

हायड्रोमीटरच आहे, नमुना २० अंशांवर आणून, वायू काढून टाकून मोजला. साध्या पाण्यात १.००० दाखवतो, तेही पाहिलं. पिंप उद्या वरच्या खोलीत आणतो.

जीवरसायन | १२ जानेवारी, सकाळी ११:०५

घाटवाटा, तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये उत्तर आहे: पहिल्यांदा पाकीट, दुसऱ्यांदा बरणी. मी पुण्यात यीस्टवरच काम करते, बिअर करत नाही, पण ही गोष्ट माझ्या रोजच्या कामातली आहे.

एक गैरसमज फार पसरला आहे. यीस्टला सुरुवातीला ऑक्सिजन लागतो तो श्वसनासाठी, मग ऑक्सिजन संपला की ते आंबवायला लागतं, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. वर्टमध्ये असं होत नाही. साखर मुबलक असली की हे यीस्ट ऑक्सिजन समोर असूनही आंबवतच राहतं. याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. पाश्चरनं १८७६ मध्ये बिअरवरच्या ग्रंथात किण्वनाला हवेवाचूनचं जीवन म्हटलं, ते ऊर्जेपुरतं बरोबरच आहे. यीस्ट हवेशिवाय ऊर्जा मिळवू शकतं. पण हवेशिवाय अनंत काळ वाढू शकत नाही.

कारण त्याची पेशीभित्तीच्या आतली पातळ पटलं. ही पटलं लवचीक राहायला दोन वस्तू लागतात: एर्गोस्टेरॉल नावाचं स्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्लं. दोन्ही तयार करताना एकेका पायरीवर ऑक्सिजनचा रेणू प्रत्यक्ष वापरला जातो. स्क्वालीनपासून (स्टेरॉलच्या आधीचा टप्पा) पुढे जायचं तर ऑक्सिजन हवा, मेदाम्लात दुहेरी बंध घालायचा तरी ऑक्सिजन हवा. आंद्रेआसेन आणि स्टिअर यांनी १९५३ आणि १९५४ मध्ये हे दाखवून दिलं. हवा पूर्ण काढून घेतलेल्या माध्यमात यीस्ट वाढेना, पण एर्गोस्टेरॉल आणि ओलेइक आम्ल आयतं दिलं की वाढायला लागलं. म्हणजे ऑक्सिजन हे इथे इंधन नव्हे, बांधकामाचं साहित्य आहे.

आता हिशेब पाहा. चांगल्या पोसलेल्या यीस्टमध्ये कोरड्या वजनाच्या साधारण एक टक्का स्टेरॉल असतं. पेशीचे दोन भाग झाले की ते वाटलं जातं: अर्धा टक्का. पुन्हा विभाजन: पाव. तिसऱ्यांदा: अष्टमांश. एक दशांश टक्क्याच्या आसपास वाढ थांबते. म्हणजे शिदोरी तीन पिढ्यांची. त्यानंतर पेशी जिवंत असतात, पण पटलं कडक झालेली असतात, अल्कोहोल सोसवत नाही आणि साखर आत घेण्याचं काम मंदावतं.

कोरडं यीस्ट कारखान्यात भरपूर हवा देऊन, साखर थेंबाथेंबानं घालून वाढवतात. ते शिदोरी बांधूनच पाकिटात शिरतं. म्हणून उत्पादकही सांगतात की पहिल्या वापराला वर्टमध्ये हवा घालायची गरज नाही. तुमची पेल एल त्या शिदोरीवर पार पडली. बरणीत राहिलं ते शिदोरी संपवून बसलेलं यीस्ट. त्याच्यापुढे तुम्ही जवळपास दुप्पट साखर ठेवलीत आणि हवाही दिली नाहीत.

द्राक्षमळा | १२ जानेवारी, दुपारी १:२०

ताई, सुरेख समजावलंत. यात माझी एक भर.

मी नाशिकला एका वायनरीत आठ हंगाम काढले. पांढऱ्या वाइनचा रस आम्ही थंड करून निवळवतो, म्हणजे चव स्वच्छ येते. पण एका हंगामात फार हौसेनं निवळवला, पाण्यासारखा नितळ केला, आणि तीन टाक्या शेवटच्या टप्प्यात रेंगाळल्या. आमच्या वाइनमेकरांनी तेव्हा सांगितलं की द्राक्षाच्या गराच्या बारीक कणांबरोबर स्टेरॉल आणि मेद येतात, यीस्ट ते उचलतं. सगळा गर काढलात की तो आधार गेला. तेव्हापासून थोडा गढूळपणा राखायला लागलो.

वर्टच्या गाळाचंही तसंच असणार ना? घाटवाटांनी लिहिलंय की या वेळी गाळ पूर्ण मागे ठेवला.

जीवरसायन | १२ जानेवारी, दुपारी १:५०

अगदी तसंच. वर्ट गार होताना जो बारीक गाळ पडतो त्यात माल्टमधली मेदाम्लं असतात आणि त्यातली काही असंतृप्त असतात. ऑक्सिजन कमी असला तर यीस्टला त्यांचा खरोखर उपयोग होतो. ही गोष्ट माझ्या नजरेतून निसटली होती, बरं झालं तुम्ही पकडलीत.

घाटवाटा | १२ जानेवारी, रात्री ८:१०

वाचून खुर्चीत बसून राहिलो. जे जे मी 'नीट' केलं त्या प्रत्येकानं यीस्टची एकेक वाट बंद केली.

आणि आणखी एक गोष्ट आज लक्षात आली. आमचं गाव समुद्रसपाटीपासून १,६०० मीटरवर. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ८३ टक्के. पाणी इथे ९५ अंशांनाच उकळतं, त्याची सवय झाली आहे, त्या हिशेबानं हॉप्स थोडे जास्त घालतो. पण दाब कमी म्हणजे हवेतून विरघळणारा ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. समुद्रकाठी वर्टमध्ये हवेतून जास्तीत जास्त ८ पीपीएम (दहा लाखांत ८ भाग) जात असेल तर माझ्याकडे साडेसहाच.

१९७८ मध्ये अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन सुरू झाली ती इथून तासाभरावरच्या बोल्डरला. घरगुती बिअरचं अख्खं जग इथल्या विरळ हवेतून उभं राहिलं आणि मी दोन वर्षांत हा साधा गुणाकार केला नाही.

टाकीवाला | १३ जानेवारी, सकाळी ७:३०

पुण्यात मायक्रोब्रुअरीत काम करतो, त्यामुळे थोडे आकडे देतो.

यीस्ट किती घालायचं याचा धंद्यातला ठोकताळा: एलसाठी दर मिलिलिटरला, दर अंश प्लेटोला (वर्टमधल्या साखरेचं माप) साडेसात लाख पेशी, लागरसाठी, म्हणजे गारव्यात आंबवायच्या बिअरसाठी, त्याच्या दुप्पट. १.०९२ म्हणजे २२ प्लेटो. १९ लिटरला ३१३ अब्ज पेशी. तुमच्या पाव लिटर गाळात घट्ट यीस्ट धरलं तरी तीन आठवड्यांनंतर जिवंत दीडशे-पावणेदोनशे अब्जच असतील. म्हणजे निम्म्या मजुरांवर दुप्पट काम. त्यांना जास्त वेळा विभागावं लागलं, आणि ताईंच्या हिशेबानं शिदोरी तितकीच लवकर संपली.

ऑक्सिजन किती: नेहमीच्या एलला ८ ते १० पीपीएम. लागर आणि जड बिअरला १० ते १५. साध्या हवेनं ८ च्या वर जाताच येत नाही, कारण हवेत ऑक्सिजन एकवीस टक्केच. त्यामुळे १.०७५ च्या पुढे शुद्ध ऑक्सिजन घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. वर्ट जितका दाट आणि जितका गरम, तितका ऑक्सिजन कमी विरघळतो, हेही धरा.

आमच्याकडे वर्ट हीट एक्स्चेंजरमधून गार होऊन टाकीकडे निघतो त्या पाइपातच दगडातून ऑक्सिजन सोडतो. वर्ट वाहता असतो, पाइपात दाब असतो, बुडबुडे विरघळायला वेळ मिळतो. टाकीच्या तोंडाशी नमुना घेऊन मीटरवर बघतो. घरी मीटर परवडत नाही, म्हणून प्रवाह आणि वेळ धरून चालायचं.

आणि या बॅचला आता ऑक्सिजन अजिबात देऊ नका. आंबलेल्या बिअरमध्ये गेलेला ऑक्सिजन यीस्टच्या कामी येत नाही, बिअरला लागतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, हॉप्सचा वास मरतो, आणि लोण्यासारख्या वासाचं डायअसेटिल वाढतं.

आधी एक चाचणी करा. २०० मिली नमुना काढा, त्यात कोरडं यीस्ट मुबलक घाला, चार-पाच ग्रॅम चालेल, २५-२६ अंशांच्या उबेत ठेवा आणि अधूनमधून हलवा. दोन-तीन दिवसांत तो जिथवर उतरेल तिथवर तुमच्या वर्टमध्ये आंबणारी साखर आहे. तो १.०३४ लाच राहिला तर दोष मुरवण्याचा, यीस्टचा नाही. मग ऑक्सिजनची सगळी चर्चा या बॅचला लागू नाही.

सहा_गॅलन | १३ जानेवारी, सकाळी ८:४५

चाचणीशी शंभर टक्के सहमत. हेच आधी करायला हवं.

पण हलवण्याला इतकं कमी लेखू नका. पंधरा वर्षांत माझी एकच बॅच अडकली, तीही लागर. हौशी माणसाला सिलिंडर, रेग्युलेटर, दगड या खर्चात पाडण्याआधी ताजं यीस्ट पुरेसं घाला हे सांगायला हवं.

टाकीवाला | १३ जानेवारी, सकाळी ९:२०

दादा, तुमच्या बिअरवर शंका नाही. पण हलवून किती जातो ते मोजलेलं आहे. कॅलिफोर्नियाच्या व्हाइट लॅब्सनं २० लिटरच्या आसपासच्या बॅचवर पाहिलं: पाच मिनिटं हलवून सुमारे २.७ पीपीएम. शुद्ध ऑक्सिजन मिनिटाला एक लिटर या वेगानं एक मिनिट सोडला तर सुमारे ९, दोन मिनिटं सोडला तर सुमारे १४.

तुमचं चालतं याचं कारण मला वाटतं तुम्ही नेहमी ताजं पाकीट वापरता आणि बिअर १.०६० च्या आत ठेवता. बरोबर का?

सहा_गॅलन | १३ जानेवारी, सकाळी ९:५०

हो, दोन्ही बरोबर. यीस्ट साठवून वापरत नाही. आणि ती अडकलेली लागर मात्र मी आधीच्या बॅचच्या यीस्टवर केली होती. हे आज पहिल्यांदाच जोडून पाहतोय. २.७ चा आकडाही माहीत नव्हता, मी सहा-सात धरत होतो.

लीड्सकर | १३ जानेवारी, दुपारी ४:१५

इथे इंग्लंडात, यॉर्कशरमध्ये हा प्रश्न शंभर-दोनशे वर्षांपूर्वी दगडात बांधून सोडवलेला आहे. टॅडकास्टरला सॅम्युएल स्मिथ ब्रुअरीत अजून पाटीच्या दगडाच्या चौकोनी टाक्या आहेत, त्यांना यॉर्कशर स्क्वेअर म्हणतात. खाली टाकी, वर उथळ हौद, मध्ये माणूस उतरेल एवढं भोक. तिथलं यीस्ट इतकं गुठळ्या करणारं की स्वतःहून फार लवकर वर तरंगून बसतं. म्हणून आंबणं चालू असताना खालचा वर्ट पंपानं उपसून वरच्या यीस्टवर फवारतात. यीस्ट पुन्हा खाली मिसळतं आणि जाता जाता हवाही खातं.

मला कळलेलं इतकंच की यीस्टच्या प्रत्येक जातीची भूक वेगळी. मी इथल्या स्थानिक जातीवर घरी बिटर नावाची बिअर करतो, ती एकदा हवा देऊन भागत नाही. पहिल्या दिवशी सकाळ-संध्याकाळ निर्जंतुक डावानं ढवळतो. नाही ढवळलं तर १.०२० ला झोपते. अमेरिकन जातीवर असं केलं तर बिअर बिघडेल. त्यामुळे ८ किंवा १० हा आकडा सगळ्यांना सरसकट लावू नका.

ब्रिटनमध्ये घरी बिअर करायला १९६३ पर्यंत परवाना लागायचा. तो गेला आणि मग हा छंद घराघरांत आला.

पंचगंगा | १३ जानेवारी, रात्री ९:००

धागा एका बैठकीत वाचला, वाचनखूण साठवली. मी कोल्हापूरला असतो. माल्ट आणि यीस्ट ऑनलाइन मिळतं असं दिसतंय. पाच लिटरनं सुरुवात करावी म्हणतो, कुणी मार्गदर्शन करेल का?

टाकीवाला | १३ जानेवारी, रात्री ९:४०

नका करू. मनापासून सांगतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग ते पाच लिटर असो आणि स्वतःपुरतं असो. अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्यानं घरगुती बिअरला मोकळीक मिळाली, घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी तर थेट २०१३ मध्ये परवानगी दिली. आपल्याकडे तशी वाट नाही.

शिकायचंच असेल तर पुण्याला या. २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली तेव्हापासून इथे बऱ्याच ब्रुअरी झाल्या आहेत. टाक्या समोरच असतात, ब्रुअरला वेळ असेल तर तो आनंदानं बोलतो. माल्ट चावून बघा, वर्ट चाखून बघा. घरी पावाचं पीठ आणि ताकाचं विरजण यांवरही किण्वनाचं पुष्कळ शिकता येतं.

जुना_पाना | १४ जानेवारी, सकाळी ६:५०

मला बिअरमधलं काही कळत नाही. पिंपरीत फॅब्रिकेशन शॉपमध्ये छत्तीस वर्षं काढली, ऑक्सिजन सिलिंडर हातचा मळ होता. ही मुलं घरात ऑक्सिजन खेळवणार म्हणून लिहितो.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण दुसऱ्या सगळ्याला जाळायला मदत करतो. ज्या कपड्यावर ठिणगी विझली असती तो कपडा ऑक्सिजन मुरलेला असला तर भडकतो. म्हणून पहिलं: शेगडी, पायलट ज्योत, सिगरेट यांच्या जवळ नळ उघडायचा नाही. वर्ट उकळून बर्नर बंद करायचा, तो गार झाला की मगच सिलिंडर काढायचा. खिडकी उघडी.

दुसरं: रेग्युलेटरच्या आट्यांना तेल, ग्रीस, व्हॅसलीन काहीही लावायचं नाही. आटा घट्ट जातोय म्हणून कुणी थेंबभर तेल सोडतं, आणि दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल भेटलं की ते पेटतं. हात तेलकट असतील तर धुऊन पुसून मग हात लावा.

तिसरं: काम झालं की नळ बंद करून, नळीतला वायू सोडून, रेग्युलेटर काढून ठेवा. हळू गळती रात्रभर चालते आणि कळत नाही.

घाटवाटा | १४ जानेवारी, सकाळी ७:२०

काका, खूप आभारी आहे. मी हे सगळं गॅस बर्नरच्या शेजारीच करणार होतो. आता गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला, दार उघडं ठेवून करीन.

सहा_गॅलन | १४ जानेवारी, सकाळी ८:०५

काकांच्या पोस्टला +१. इथे हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते लाल नळकांडं ४० ग्रॅमचं असतं, म्हणजे जवळपास ३० लिटर वायू. मिनिटाला एक लिटर धरला तर अर्धा तास. पण प्रवाह मोजणारी काचेची नळी न लावता अंदाजानं सोडला तर चार बॅचमध्ये संपतं, हे मित्राकडे पाहिलं आहे.

घाटवाटा | १७ जानेवारी, रात्री ८:३०

चाचणीचा निकाल: तीन दिवसांत नमुना १.०२१ वर. म्हणजे साखर आहे, मुरवण्यात दोष नाही. यीस्टच थकलं.

मोठं पिंप २१ अंशांवर आणून सहा दिवस झाले, १.०३४ चं १.०३३ झालं. आता पुढे?

टाकीवाला | १८ जानेवारी, सकाळी ७:१०

आता तुमच्या बिअरमध्ये साडेसात टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल आहे. पाकीट फोडून थेट घातलंत तर यीस्ट त्या धक्क्यानंच बसेल. दीड लिटरचा हलका वर्ट करा, १.०४० चा. त्यात भरपूर हवा द्या, इथे हवा द्यायला हरकत नाही. ताजं यीस्ट घाला. ते फेस धरून ऐन भरात आलं की, बहुधा बारा ते अठरा तासांत, त्यात तुमच्या स्टाउटचा अर्धा लिटर मिसळा. दोन-तीन तासांनी सगळं पिंपात सोडा. यीस्टला अल्कोहोलची सवय पाण्यात उतरताना लावतो तशी पायरीपायरीनं लावायची. ओतताना नळी पृष्ठभागाखाली.

लीड्सकर | १८ जानेवारी, दुपारी ३:००

ऑलिव्ह तेलाबद्दल कुणी बोललं नाही अजून. तेलाचा एक थेंब घातला की ऑक्सिजन लागत नाही असं सतत ऐकतो. ताई, यात कितपत तथ्य?

जीवरसायन | १८ जानेवारी, संध्याकाळी ६:२५

गाभ्यात तथ्य आहे. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल भरपूर, आणि तेच आंद्रेआसेन-स्टिअर यांनी वापरलेलं असंतृप्त मेदाम्ल. घाटवाटांच्याच राज्यात, फोर्ट कॉलिन्सच्या न्यू बेल्जियम ब्रुअरीत ग्रेडी हल यांनी मोठ्या टाक्यांवर याचा प्रयोग केला होता. पण त्यांनी तेल वर्टमध्ये नव्हे, साठवणीतल्या यीस्टमध्ये घातलं. हेतूही वेगळा होता: वर्टमध्ये ऑक्सिजन न घालता आंबवता आलं तर बिअर जास्त दिवस ताजी राहील का, हे पाहणं.

घरच्या १९ लिटरला त्यांच्या प्रमाणानं हिशेब केला तर एका थेंबाचाही छोटासा अंश येतो. सुईच्या टोकावर राहील एवढा. एक अख्खा थेंब म्हणजे किती तरी पट जास्त, आणि जास्तीचं तेल फेस मारतं. शिवाय ओलेइक आम्ल म्हणजे अर्धीच गरज. स्टेरॉलसाठी ऑक्सिजनला पर्याय त्यानं मिळत नाही. घरच्या माणसानं या वाटेला जाऊ नये.

एक राहिलं. वासाच्या बाजूनंही ऑक्सिजनचा हात असतो. फळांसारखे वास देणारे एस्टर बनवणारं जनुक ऑक्सिजन आणि असंतृप्त मेदाम्लं असली की दबतं. त्यामुळे कमी ऑक्सिजनच्या बिअरमध्ये केळी, नेलपॉलिश असे वास वाढतात. घाटवाटा, तुमच्या स्टाउटला तसा वास आहे का?

घाटवाटा | १८ जानेवारी, रात्री ९:१५

आहे! केळ्याचा. मला वाटलं भाजलेल्या माल्टमुळे काहीतरी होतंय.

घाटवाटा | ९ मार्च, सकाळी १०:००

सगळ्यांनी इतका जीव लावून लिहिलंत, त्यामुळे निकाल सांगायलाच हवा.

जुना स्टाउट: टाकीवाल्यांच्या पद्धतीनं यीस्ट सोडलं, बारा दिवसांत १.०२४. केळ्याचा वास तसाच राहिला, पण चिकट गोडवा गेला. पिण्याजोगा आहे.

नवा स्टाउट ८ फेब्रुवारीला केला. तेच माल्ट, तेच प्रमाण, घनता १.०९१. यीस्ट मुद्दाम त्याआधी केलेल्या नव्या पेल एलच्या तळाचंच घेतलं, म्हणजे तुलना खरी राहील, फक्त बरणी आठवड्याच्या आतली आणि यीस्ट दुप्पट. गाळ थोडा येऊ दिला. वर्ट १८ अंशांवर आणल्यावर, आधी नाही, अर्ध्या मायक्रॉनचा स्टीलचा दगड तळापर्यंत सोडून मिनिटाला एक लिटरनं दोन मिनिटं ऑक्सिजन दिला. दगड वापराआधी पंधरा मिनिटं उकळला आणि बोटांनी छिद्रांना हात लावला नाही, कारण त्वचेचं तेल छिद्रं बुजवतं. बुडबुडे इतके बारीक की वर्ट दुधाळ दिसत होता. पृष्ठभागावर मोठे बुडबुडे फुटताना दिसले की प्रवाह कमी करत होतो, फुटतोय तो ऑक्सिजन हवेतच जातोय हे उघड होतं.

यीस्ट घातल्यापासून चौदा तासांनी आणखी अर्धा मिनिट. फेस नुकता धरायला लागला होता. हा दुसरा डोस द्यावा की नाही यावर मी दोन दिवस टाकीवाल्यांना व्यक्तिगत निरोपातून छळलं. त्यांचं म्हणणं, १.०८० च्या पुढे द्यावा, पण अठरा तासांच्या आत, नाहीतर देऊच नये.

घनता: दुसऱ्या दिवशी १.०७०, चौथ्या दिवशी १.०३८, आठव्या दिवशी १.०२३, चौदाव्या दिवशी १.०२१. तिथेच स्थिर.

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. मी यीस्टही दुप्पट केलं, गाळही येऊ दिला आणि ऑक्सिजनही दिला. यातल्या कशानं किती फरक पडला ते या एका बॅचवरून सांगता येत नाही.

जीवरसायन | ९ मार्च, दुपारी १२:३०

शेवटचं वाक्य वाचून फार बरं वाटलं. एकच वर्ट दोन पिंपांत निम्मा निम्मा घ्या. यीस्ट सारखं मोजून, गाळ सारखा, फक्त एकाला ऑक्सिजन. तरच कळेल.

टाकीवाला | ९ मार्च, दुपारी १:१५

अभिनंदन! आणि बाटल्या भरताना नीट सांभाळा. वर्टमध्ये आपण १० पीपीएम हौसेनं घालतो, पण तयार बिअरच्या बाटलीत आम्ही ०.१ पीपीएमच्या आत राहायला धडपडतो. शंभर पट फरक. यीस्टनं पहिला ऑक्सिजन काही तासांत संपवला, आता जो जाईल तो संपवणारं कुणी नाही. नळी तळाशी, बाटली काठोकाठ, बूच लगेच.

घाटवाटा | ९ मार्च, रात्री ९:५०

ताई, दोन पिंपांचा प्रयोग एप्रिलमध्ये करतो, या वेळी १.०६० वर. सहा_गॅलन, तुम्हीही न्यू जर्सीत तोच वर्ट करून एक पिंप हलवून आणि एक ऑक्सिजननं कराल का? तुम्ही समुद्रकाठी, मी १,६०० मीटरवर. यीस्टचा लॉट सारखा यावा म्हणून मीच दोन पाकिटं एकत्र मागवून एक तुम्हाला पाठवतो.

सहा_गॅलन | ९ मार्च, रात्री १०:२०

जमेल. पण ताज्या पाकिटावर फरक दिसणारच नाही, हे ताईंनीच सांगितलंय. आधी दोघांनी त्या पाकिटांवर एकेक साधी पेल एल करू, आणि प्रयोग तिच्या तळाच्या यीस्टवर. मार्चअखेर पाकीट पोचेल असं पाहा. रेग्युलेटरची ऑर्डर आज टाकतो.